खांब नसेल तर सरळ

सायकल टूरच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आई, ही माझी शेवटची टूर."

मी एका मागच्या चाकाची आउट काढत होते. चाक स्टँडला लावून फिरवायचं, कुठे हलतंय ते बघायचं, मग एका बाजूचे स्पोक अर्धा फेरा आवळायचे, दुसऱ्या बाजूचे तेवढेच सैल सोडायचे. या कामात असताना मी कुणाशी बोलत नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. म्हणून तर तिने नेमकी ती वेळ गाठली.

"का? गुडघे बोलायला लागले?" मी चाकावरून नजर न काढता विचारलं.

"नाही हो. नोकरी मिळालीय. मोठी लॅब आहे, पण लांब आहे. आगगाडीने पूर्ण एक दिवस लागतो. टूरहून आले की सामान बांधायचं."

"बरं," मी म्हटलं आणि पुन्हा चाक फिरवलं. ते एव्हाना सरळ झालं होतं, तरी मी आणखी अर्धा तास फिरवत बसले. ती कधी उठून गेली तेही मी मान वळवून बघितलं नाही.

आता ती कोण ते सांगते. ती माझी सून. लोक मला लगेच दुरुस्त करतात, 'होती' म्हणा म्हणून. माझ्या मुलाचा आणि तिचा घटस्फोट होऊन दीड वर्ष झालं. भांडण नाही, तंटा नाही, आदळआपट नाही. दोघंही स्वभावाने चांगली, पण एका घरात ठेवली की दोघंही सुकून जायची. नऊ वर्षं मी ते डोळ्यांनी बघितलं. मग मुलगा त्याच्या कंपनीच्या गावी राहायला गेला आणि ही आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक खोली घेऊन राहिली. ती दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर लोकांची तोंडं दुरुस्त करते, पण स्वतःचं तोंड उघडणं तिला महाकठीण. मनातलं काही बाहेर काढायचं तर तिला आठ आठ दिवस लागतात. माझं बरोबर उलटं. माझ्या तोंडाला दार नाही, असं आमचे हे म्हणायचे.

सायकलवर मला बसवलं तेही तिनेच. चाळीस वर्षं मी लोकांच्या सायकली सरळ करून दिल्या, पण स्वतः कोपऱ्यापलीकडे कधी चालवली नव्हती. हे गेले त्या वर्षी मी दुकानाचं शटर खाली ओढून आत नुसती बसून राहायचे. एक दिवस तिने बाहेरून शटर वर केलं, माझ्या पुढ्यात हेल्मेट ठेवलं आणि म्हणाली, "उठा. पाच किलोमीटर. रडायचं असेल तर चालवताना रडा, वाऱ्याने सुकतं." पाचाचे पन्नास झाले, पन्नासाचे पाचशे. तेव्हापासून दरवर्षी आम्ही दोघी एका ग्रुपबरोबर सहा दिवसांच्या टूरला जातो. घटस्फोट झाला त्या वर्षीही गेलो. कुणाला काही वाटलं असेल तर ते त्यांनी मनात ठेवलं.

मुलाला मात्र हे पटत नव्हतं. या वेळी निघायच्या महिनाभर आधी त्याचा फोन आला. "आई, तू टूरला जा, पण तिच्याबरोबर नको. लोक विचारतात, मला काय उत्तर द्यावं कळत नाही. तिनेही आता तिचं तिचं बघायला पाहिजे." साऱ्या जगाला चार शब्द सुनावणारी मी, पोटच्या पोरापुढे मूग गिळून गप्प बसते. एकुलता एक, त्यात लांब राहतो. मी नुसतं "बघू" म्हटलं आणि विषय बदलला.

आमच्या ग्रुपमध्ये सात जण. पुढे मास्तर, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या मागे बेकरीवाला. मग कोर्टातले दोन कारकून, चहासुद्धा एकाच वेळी पिणारे, त्यांना आम्ही जोडगोळी म्हणतो. मग जनावरांची डॉक्टरीणबाई, मग ही, आणि शेवटी मी.

मास्तरांचा एक नियम आहे. वळण आलं किंवा फाटा आला की मास्तरांच्या मागचा माणूस तिथे उतरून उभा राहतो. त्याला आम्ही खांब म्हणतो. मागून येणाऱ्याला हाताने रस्ता दाखवायचा आणि नारिंगी जॅकेट दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही. नारिंगी जॅकेट शेपटीच्या अंगावर असतं. शेपूट आलं म्हणजे सगळे आले, मग खांबाने टांग मारायची आणि निघायचं. जिथे खांब उभा नसेल तिथे डोकं चालवायचं नाही, सरळ जायचं. एवढंच. या नियमावर चार वर्षांत एकही माणूस हरवला नव्हता. चारही वर्षं शेपूट मी. एक तर सगळ्यांत हळू मीच, आणि दुसरं म्हणजे ज्याची सायकल बिघडते तो आपोआप मागे पडतो, तेव्हा पाना-पकड घेऊन मागे कुणीतरी असलेलं बरं.

पहिल्या दिवशी वारा पाठीवर होता. नदीकाठचा सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं. नव्वद किलोमीटर कधी झाले ते कळलं नाही. जोडगोळी गाणी म्हणत होती, एक सुरात आणि एक बेसूर. सगळे खूश. मी सोडून. मी डोक्यात राख घालून घेतली होती.

त्याचं असं आहे की मी तिच्याशी अबोला धरला होता. ठरवून नव्हे, पण त्या संध्याकाळी "बरं" म्हटलं, त्यानंतर दुसरा शब्द काढायला जमेना. काढायला गेले की घशात काहीतरी अडकायचं, आणि घशात अडकलं की मला रागच येतो. मनात म्हणायचे, जा ना, जायचंच आहे तर जा. मला कोण विचारतंय? कागद झाल्यावर तीन दिवसांनी तूच ना दुकानात येऊन म्हणालीस, की आई, मी येत राहिले तर चालेल का? आणि आता गाडीचं तिकीट काढून मोकळी.

मुक्कामाला आम्हा दोघींना दरवर्षी एकच खोली मिळते. पहिल्या रात्री एका बंद पडलेल्या गिरणीच्या विश्रामगृहात होतो. दोन लोखंडी पलंग, मध्ये एक खिडकी, खिडकीवर आमचे मोजे. दरवर्षी माझ्या गुडघ्यांना मलम तीच चोळते. या वेळी ती बाटली घेऊन पलंगाशी आली, तशी मी तिच्या हातातून बाटली घेतली आणि स्वतःच चोळायला लागले. तोच हात नंतर डोळ्याला लागला. मग अर्धा तास डोळ्यांतून पाणी, आणि ती ओला रुमाल घेऊन शेजारी उभी. मी रुमाल घेतला. थँक यू म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी वारा फिरला. समोरून असा काही आला की पॅडल मारतोय आणि जागचे हलत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, गाभण म्हैस ढकलणं सोपं. तिसऱ्या दिवशी रस्त्याचं काम चालू होतं. बावीस किलोमीटर नुसती खडी. माझ्या वाट्याला तीन पंक्चर. जोडगोळीचं आयुष्यात पहिल्यांदा भांडण झालं, नकाशावरून, आणि दोघं पन्नास फूट अंतर ठेवून चालवायला लागले. बेकरीवाल्याने घरून आणलेले पाव बॅगेत चुरा होऊन गेले होते. तो चुरा आम्ही सगळ्यांनी रस्त्यातल्या एका मोरीच्या कठड्यावर बसून ओंजळीने खाल्ला, आणि खाता खाता जोडगोळी पुन्हा बोलायला लागली. माणसं अशी असावीत असं मला वाटलं. चुरा खाल्ला की मिटलं.

तिसऱ्या पंक्चरच्या वेळी आम्ही दोघीच मागे होतो. मी ट्यूब बाहेर काढली, तिने पंप धरला. तिला सांगावं लागत नाही. मी हात पुढे केला की हातात पॉलिश पेपर, मग सोल्यूशन, मग ठिगळ. असं काम चाललं असताना ती हळूच म्हणाली, "आई, मला तुमच्याशी एक बोलायचंय."

"पट्टी दे," मी म्हटलं.

तिने टायर चढवायची पट्टी माझ्या हातात दिली. पुढे ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. हा माझा गाढवपणा. तो मी नंतर बऱ्याच लोकांना सांगितला आहे, तुम्हालाही सांगते.

चौथ्या दिवशी घाट होता. सोळा किलोमीटरचा चढ. पहिल्या गिअरवर टाकून एका लयीत वर चढत राहायचं, पुढच्याच्या चाकाकडे बघायचं, वर बघायचं नाही. माझ्या पुढचं चाक तिचं. मी चार तास तिचं मागचं चाक बघत होते. माझ्या हातचं चाक होतं, केसभरही हलत नव्हतं. मनात येत होतं, आता हे कुणाच्या दुकानात दुरुस्त होणार? तिथले लोक स्पोक आवळून मोकळे होतील, दुसरी बाजू सैल सोडायची कुणाला सुचणार नाही.

माथ्यावर पोचलो आणि ढगातच शिरलो. वीस फुटांपलीकडचं दिसेना. घामाने अंग भिजलेलं आणि वारा बर्फासारखा. सगळ्यांनी होतं नव्हतं ते अंगावर चढवलं आणि बाकीचे उताराला लागले. ती मात्र बॅग उचकटत बसली होती. तिचं जॅकेट आदल्या मुक्कामाला वाळत घातलेलं, दोरीवरच राहिलं होतं. ओठ निळे पडले होते, दात वाजत होते. मी माझं नारिंगी जॅकेट काढलं आणि तिच्या अंगावर टाकलं.

"घाल. आजारी पडलीस तर माझ्याच गळ्यात पडशील."

चार दिवसांतलं माझं सगळ्यांत लांब वाक्य. तिने जॅकेट घातलं. मी दोन स्वेटरांवर रेनकोट चढवला. ते जॅकेट म्हणजे काय, ते माझ्या डोक्यात आलं नाही, तिच्या आलं नाही, आणि पुढे गेलेल्यांनी तर बघितलंच नव्हतं. चार वर्षं ते माझं जॅकेट होतं. शेपटीचं जॅकेट आहे हे आम्ही विसरून गेलो होतो. माझा फोनही त्याच्याच खिशात राहिला.

उतार सुरू झाला. तिसऱ्याच वळणावर माझ्या मागच्या चाकातून टण्‌ असा आवाज आला. स्पोक गेला. चाक ब्रेकला घासायला लागलं. ती माझ्यापुढे वीस फुटांवर होती, नारिंगी ठिपका अजून दिसत होता. "थांब गं" म्हणायचा अवकाश, की थांबली असती. पण मी हाक मारली नाही. मनात म्हटलं, जाऊ दे, जाणारच आहे. आणि ठिपका धुक्यात गेला.

बोटं गारठली होती, त्यामुळे दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला. तुटलेला स्पोक शेजारच्याला गुंडाळला, आजूबाजूचे थोडे आवळले, ब्रेक सैल केला आणि निघाले. सहा किलोमीटर खाली एक फाटा आला. एक रस्ता उजवीकडे वळत होता, एक सरळ उतरत होता. पाटी होती, पण तिच्यावरची अक्षरं कधीच पुसली गेली होती. खांब नव्हता. खांब नाही म्हणजे सरळ. मी सरळ गेले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पाच किलोमीटर उतरल्यावर रस्ता संपला. समोर दगडाची खाण, ती बंद. गंजलेलं फाटक, ट्रक मोजायचा एक वजनकाटा आणि त्याच्या शेजारी एक खोली, कुलूप लावलेली. खोलीच्या खिडकीतून आत एक टेबल, एक खुर्ची आणि टेबलावर धूळ बसलेली घंटी दिसत होती. माणसाचा मागमूस नाही. वळून वर जावं म्हणून पॅडलवर पाय दिला आणि दुसरा स्पोक तुटला. चाक आता फिरेचना. फोन काढायला खिशात हात घातला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी वजनकाट्याच्या पत्र्यावर बसले. धुकं खाली नव्हतं, दुपार कलली होती, ऊनही होतं थोडं. भीती वाटावी असं काहीच नव्हतं, पण मी घाबरले. खोटं कशाला बोलू? चार वर्षं मी सगळ्यांच्या मागे राहिले, कोण मागे पडलं, कोण थकलं, कुणाची चेन पडली, सगळं बघितलं. माझ्या मागे कोण? माझ्या मागे कुणी नाही, नियमच तसा आहे. सगळ्यांसाठी खांब उभा राहतो तो शेपूट येईपर्यंत. शेपूट आलं असं एकदा सगळ्यांना वाटलं, की शेपटीची वाट बघणारं जगात कुणी उरत नाही. बसल्या बसल्या मला घरी गेल्यावरचे दिवस दिसायला लागले. दुकान, स्टँड, शटर. मी रडले. वारा नव्हता, त्यामुळे सुकलंही नाही.

किती वेळ गेला माहीत नाही, तासभर तरी असेल. वरच्या वळणावर काहीतरी नारिंगी दिसलं. ती उतरत होती, ब्रेक दाबत, एक पाय जमिनीला लावत. उताराची तिला पहिल्यापासून भीती. जॅकेट कमरेला बांधलेलं, चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले. माझ्यापुढे येऊन तिने सायकल अक्षरशः जमिनीवर टाकली.

"हाक का नाही मारलीत?" ती ओरडली. नऊ आणि दीड वर्षांत तिचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"बोलत नव्हते ना मी तुझ्याशी," मी म्हटलं.

ती माझ्या शेजारी पत्र्यावर बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. रडता रडता तुकड्या तुकड्यांनी सगळं सांगितलं. फाट्यावर बेकरीवाला खांब होता. धुक्यात त्याला नारिंगी जॅकेट दिसलं, त्याला वाटलं काकू आल्या, त्याने टांग मारली. तिला वाटलं, मी मागे आहे. मी बोलत नाही, म्हणून तिनेही मागे वळून बघितलं नाही. खाली लाकडाच्या वखारीपाशी सगळे थांबले, मास्तरांनी डोकी मोजली, सहा भरली. बेकरीवाला म्हणाला, काकू कुठायत, आत्ता तर मी त्यांना बघितलं. तेव्हा तिने स्वतःच्या बाह्यांकडे बघितलं. मास्तर ट्रक थांबवू म्हणत होते, ती ते ऐकायलाही थांबली नाही. अकरा किलोमीटर चढून आली, एकटी.

"प्रत्येक वळणावर उतरून खाली वाकून बघत आले," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही दरीत..."

"दरीत कशाला जाईन? मी सरळ आले. खांब नव्हता."

"तेच. फाट्यावर आले आणि लक्षात आलं. दुसरं कुणी असतं तर डोकं चालवून वाट शोधत बसलं असतं. म्हटलं, आई नियमाबाहेर जाणार नाहीत. खांब नाही म्हणजे सरळ. म्हणून सरळ आले."

"म्हणजे मला डोकं नाही?"

"आई, प्लीज."

मला हसू आलं. तिलाही आलं, नाक पुसता पुसता. मी म्हटलं, "नोकरीला इतक्या लांब कशाला जातेस? इथल्या लोकांचे दात पडायचे थांबले का?"

ती बराच वेळ हातमोज्यांची टोकं ओढत बसली. मी थांबले. मला थांबणं जमत नाही, पण थांबले.

"त्याचा फोन आला होता," ती म्हणाली. त्याचा म्हणजे माझ्या मुलाचा. "म्हणाला, आईला तुझं ओझं झालंय. ती भिडेला बळी पडते, तोंडावर बोलणार नाही. या टूरला तुझ्याबरोबर जायचं का विचारलं तर नुसतं 'बघू' म्हणाली. तूच समजून घे आणि बाजूला हो."

"कोण भिडेला बळी पडते?"

"तुम्ही."

मला आयुष्यात कोणी काय काय म्हटलं आहे. तोंडाळ, तापट, हेकट. हे कुणी म्हटलं नव्हतं. आणि वाईट याचं वाटलं, की त्या पोराच्या बाबतीत ते खरं होतं.

"मी आधी विश्वास नाही ठेवला," ती म्हणाली. "मग वाटलं, खरंच, कुठल्या नात्याने मी येते तुमच्याकडे? तुम्ही कसं सांगणार, येऊ नकोस म्हणून? म्हणून लांबची नोकरी बघितली. म्हटलं, लांब गेले की तुम्हाला काही सांगावंच लागणार नाही. काल विचारणार होते तुम्हाला. पंक्चर काढत होतो तेव्हा."

"आणि मी पट्टी मागितली."

"हो."

मी उठले, परत बसले. मग म्हटलं, "हे बघ, घटस्फोट तुम्ही दोघांनी घेतलात. त्या कागदावर माझी सही आहे का कुठे? मला कुणी विचारलं? नाही ना? मग मी घेतलेला नाही."

ती खाली मान घालून पत्र्यावरचा गंज नखाने खरवडत होती.

"मला तू हवीस," मी म्हटलं. "कोण म्हणून ते मला विचारू नकोस, मला नाही माहीत. पण हवीस. तू जाते म्हणालीस आणि मला इतकं वाईट वाटलं की चार दिवस नुसता राग राग केला. मला वाईट वाटलं की रागच येतो. दुसरं काही येतच नाही, त्याला मी काय करू?"

तिने माझ्या दंडाला डोकं टेकलं. रेनकोट ओला होता, तरी तसंच राहू दिलं. थोड्या वेळाने मी म्हटलं, "फोन दे माझा."

फोनला रेंज नव्हती. तिच्याही नव्हती. मग आम्ही निघालो. माझी मोडकी सायकल, सामानासकट, मागचं चाक उचलून धरून तिने ढकलायला घेतली. तिची चांगली सायकल मी घेतली. नको म्हटलं तर म्हणाली, "आज तुम्ही बोलू नका, आज मी बोलणार." तीन किलोमीटर चालल्यावर एका वळणावर दुसरी दरी उघडली आणि दोन्ही फोन एकदम वाजायला लागले. मास्तरांचे एकोणीस मिस्ड कॉल. तिने मास्तरांना फोन करून सांगितलं, सापडल्या. पलीकडे जोडगोळीचा कल्ला मला इथपर्यंत ऐकू आला. बेकरीवाला ट्रक घेऊन फाट्यापर्यंत येतो म्हणाला. तो बिचारा रडत होता म्हणे.

मग मी मुलाला फोन लावला. ती जरा लांब जायला लागली, तर तिचा हात धरून ठेवला.

"आई? बोल," तो म्हणाला.

"मी घाटात आहे. हिच्याबरोबर आहे. तू हिला फोन करून जे सांगितलंस ते मी तुला कधी सांगितलं होतं?"

"आई, मी तुझ्याच भल्यासाठी..."

"थांब. मी 'बघू' म्हटलं, ती माझी चूक. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. आता म्हणते. तुझा संसार मोडला, त्यात मी पडले नाही. हिला एक शब्द बोलले नाही, तुलाही नाही. आता तू माझ्यात पडू नकोस."

तो म्हणाला, "तू रडतेयस का?"

"चढ होता," मी म्हटलं. "तू जेवलास का?"

"अजून नाही."

"जेव. चिडलास तरी जेव. परवा घरी आले की बोलू. आणि मी रागावले आहे, पण ओरडणार नाही."

फोन ठेवला आणि आम्ही चालत फाट्यापर्यंत आलो. तिथे रस्त्याच्या कडेच्या दगडावर टेकलो. खालून ट्रकचा आवाज यायला अजून वेळ होता.

"आई," ती म्हणाली, "पण मी जाणार आहे. नोकरी खरंच चांगली आहे. आधी पळून जायला घेतली होती, पण आता मला ती करायची आहे."

मला परत वाईट वाटलं. या वेळी मी ते राग म्हणून बाहेर येऊ दिलं नाही.

"जा," मी म्हटलं. "मी सोडायला येणार स्टेशनवर. पोचलीस की फोन कर. नंतरही करत राहा. आणि मी रागावून उचलला नाही ना, तर लगेच परत कर. मी उचलेपर्यंत करत राहा."